कोऱ्या जागेखालची सही

माझे आबा विमानात कधी बसले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण चिंचतळ्याचं कुणीही भेटलं की अजून म्हणतं, "सिंधुबाई, तुमचे आबा विमान चालवायचे म्हणं!" चालवायचे कप्पाळ. एकोणीस वर्षं हवाई दलात काढली ती सगळी जमिनीवर, विमानाच्या पोटाखाली उताणं पडून. आबा फिटर होते. विमान उडायच्या आधी कसायचं, उतरलं की तपासायचं. कानपूर, जोधपूर, पठाणकोट. एकाहत्तरच्या लढाईत तीन दिवस तीन रात्री बूट काढले नव्हते म्हणे. हे आम्हाला आईनं सांगितलं. आबा स्वतःहून काही सांगतील तर शपथ.

नाव पंढरी लिंबाजी सोनकांबळे. गाव चिंचतळा, अहमदपूरहून कंधारला जाणाऱ्या रस्त्यावर, मन्याड नदीच्या अलीकडे. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. लातूर जिल्हा पुढं ब्याऐंशी साली झाला, आणि तो झाला नसता तर ही गोष्ट मलाही कळली नसती.

आबा बहात्तरच्या उन्हाळ्यात पेन्शनीवर घरी आले. मी बारा वर्षांची, पाठीवर दोन भाऊ. नांदेडला रेल्वेतून उतरले, तिथून एसटीनं कंधार, कंधारहून बैलगाडी. गाडीत एक पत्र्याची पेटी आणि पोत्यात गुंडाळलेली एक फळी. आम्हाला वाटलं, फळीत काहीतरी खेळणं असेल. आबांनी ती भिंतीला ठोकली, वर पांढऱ्या रंगानं सतरा आकार काढले, आणि एकेका आकारावर एकेक पाना टांगला. पाना काढला की फळीवर त्याची रिकामी जागा दिसायची. झालं, हेच आमचं खेळणं. हात लावायचा नाही, नुसतं मोजायचं.

हवाई दलात तसा कायदाच असतो म्हणे. काम संपलं की हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तर विमान उडत नाही. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो. तो पाना कुठंतरी इंजिनात राहिला असेल तर वर गेल्यावर माणूस मरतो. दुसरा कायदा सहीचा. ज्यानं काम केलं त्यानं आधी सही करायची, मग दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तपासून त्याखाली सही करायची. पाहिल्याशिवाय सही नाही. "सही म्हंजे आपण सोता," आबा म्हणायचे. "कागदावर आपण सोता जाऊन बसतो."

या कायद्यापायी गावानं त्यांची लई टिंगल केली. हणमंतरावाच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. वऱ्हाडाची जीप वेशीतच बंद पडली, आबांनी ती दुरुस्त केली आणि हत्यारं मोजली तर सोळा. बस! जीप हलू देईनात. नवरदेव बाशिंग बांधून घामाघूम, वाजंत्री वाजवून वाजवून थकली, भटजी मुहूर्त टळतो म्हणून ओरडून राहिला, आणि आबा शांतपणे इंजिनात हात घालून बसलेले. तासाभरानं पाना बॅटरीच्या खाली सापडला. "जा आता खुशाल," म्हणाले. तेव्हापासून गावात कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "पंढरीचा पाना हरवला वाटतं." त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं कोण हसला असेल, तर हणमंतराव.

आता हा हणमंतराव कोण, ते सांगते. मी त्याला अरेतुरेच करणार, वाचणाऱ्यांनी राग मानू नये. गावचा सरपंच, साठ एकराचा धनी, आणि आबांचा जिवलग. चारचौघांत आबा त्याला "हणमंतराव" म्हणायचे, एकटे असले की "हणमंता". अहमदपूरच्या शाळेत दोघं सोबत पायी जायचे. वर्गात आबा दाराजवळ वेगळे बसायचे, पण येताना रस्त्यात हणमंतराव आपली भाकरी मोडून त्यांना द्यायचा. गावाची हद्द लागली की लांब चालायचा, ते वेगळं.

पण खरी गोष्ट भाकरीची नव्हती, पत्रांची होती.

आबांची थोरली बहीण भामाबाई, माझी आत्या. आबा तिला अक्का म्हणायचे. आबांची आई बाळंतपणातच गेली, आणि अक्का सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिनंच या पोराला वाढवलं. बाजरीच्या कण्या चावून चावून भरवल्या. आबा नोकरीवर गेले तेव्हा पत्र वाचायला आत्याला अक्षर येत नव्हतं, आणि आमच्या वस्तीत तेव्हा लिहिता-वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा एकोणीस वर्षं आबांचं प्रत्येक पत्र हणमंतरावानं आत्याला वाचून दाखवलं आणि आत्या सांगेल ते लिहून धाडलं. ती वाड्याच्या पायरीखाली बसायची, हा ओट्यावर. छप्पन साली आपल्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा आत्यानं सांगितलं, "लिव्ह, घरातले देव मन्याडीत सोडले, आता आपण बौद्ध झालो." हणमंतरावानं तेसुद्धा शब्द न गाळता लिहिलं. अशा माणसावर आबांनी विश्वास ठेवला यात काय नवल? मी असते तर मीही ठेवला असता.

आबा स्वतः चौथी-पाचवीपर्यंतच शिकलेले, पुढचं सगळं हवाई दलात. त्यामुळं वाचताना त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. आम्ही भावंडं त्यावर हसायचो आणि आत्या आम्हाला दटावायची.

घरात माणूस म्हणून सोन्यासारखे होते. माझी वेणी रोज आबा घालायचे. विमानाचा बोल्ट सुटू नये म्हणून त्याला तार पिळून बांधतात म्हणे, तशीच माझी वेणी. डोळे ताणले जायचे, पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. आई, चांगुणा तिचं नाव, चुलीपाशी बसून हसायची. "ती पोरगी हाय, इमान न्हाई," म्हणायची.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. रेशनवरची परदेशी ज्वारी, लाल मिलो, खाऊन पोट धरायचं, दिवसभर खडी फोडायची, आणि ते करून आलं की पाणी. वस्तीची विहीर दिवाळीलाच आटली. गावाची मोठी विहीर होती, पण तिथं आमच्या बायांनी हंडे घेऊन बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. आत्या तिथं जायची नाही. ती आणि आई मन्याडीच्या वाळूत झिरा खणायच्या. कमरेइतका, मग पुरुषभर खोल खड्डा. खाली एकीनं बसायचं आणि वाटीवाटीनं पाणी भरून वर द्यायचं. एका हंड्याला अर्धा दिवस. आत्या सगळ्यात बारीक, म्हणून खड्ड्यात तीच उतरायची.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत बोअर पाडायची सरकारी गाडी आमच्या रस्त्यावरून कंधारकडं निघाली होती. फाट्यावरच तिच्या कॉम्प्रेसरचा पाइप फुटला. दोन दिवस गाडी तिथंच उभी, माणूस औरंगाबादला गेलेला. आबा सायकलवर फळीवरचे पाने घेऊन गेले. चार तासांत पट्टी कापून, पिळून, तारेनं बांधून पाइप असा बसवला की मशीन धडधडायला लागली. पाने मोजले, सतरा भरले, मग साहेबाला म्हणाले, "आता चालवा." तो साहेब तरणा, कुठला तरी लांबचा. म्हणाला, "सार्जंट, काय पाहिजे बोला." आबांनी तोंडातून एकच शब्द काढला. "बोअर. आमच्या वस्तीत."

साहेबानं तिथंच बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, चिंचतळ्याचा पहिला बोअर सोनकांबळ्यांच्या अर्जावरून बौद्ध वस्तीत. आठ दिवसांनी गाडी परत येते म्हणाला. त्या दिवशी आमच्या वस्तीत जे झालं ते मला आजही दिसतं. बाया घरातून रिकामे हंडे बाहेर काढून घासत बसल्या. पाणी नव्हतं, राखेनं कोरडेच घासले. आत्यानं आबांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "मपल्या लेकरानं पाणी आणलं," म्हणाली.

चार दिवसांनी हणमंतराव आमच्या अंगणात आला. मी तिथंच होते, मिलो निवडत होते. आत्या तिच्या उंबऱ्यात बसलेली. आमचं आणि तिचं घर भिंतीला भिंत. बाहेर त्याची जीप चालूच ठेवलेली.

"पंढरी, बोअरचा कागद. पंचायतीची संमती लागती म्हणं. मी सही केलेली हाय, अर्ज तुझा म्हणून तू खाली कर. जल्दी कर बाबा, अहमदपूरचा साहेब निघून जाईल."

आबांनी कागदावर पाहिलं. वर हणमंतरावाची सही होती. त्याखाली आपली मोठी, गोल सही केली, हवाई दलाच्या शाईच्या पेनानं. जीप गेली. एवढंच. एवढ्या वेळात पाणीसुद्धा तापत नाही.

गाडी आली ती थेट गावात गेली. मारोतीच्या देवळापुढं, म्हणजे हणमंतरावाच्या वाड्यापुढं उभी राहिली. मशीनचा आवाज ऐकून आमची सगळी वस्ती धावली. आबा सगळ्यांच्या पुढं. साहेब दुसराच होता. हणमंतरावानं ओट्यावरून कागद वर धरला आणि साऱ्या गावादेखत म्हणाला, "वस्तीत खडक हाय, पाणी लागत न्हाई. देवळापुढची जागा पंढरीला मान्य हाय. ही बघा सही."

सगळी माणसं आबांकडं बघायला लागली. मी पण. मला वाटलं, आता हे ओरडतील, कागद फाडतील, त्या माणसाची गचांडी धरतील. आबांनी कागद हातात घेतला. ओठ हलले, खालपर्यंत हलले. मग तो कागद परत दिला.

"सही माझीच हाय," म्हणाले. आणि वळून घरी गेले.

तिथंच सगळं संपलं. मारोतीपुढं दीडशे फुटांवर पाणी लागलं, गुलाल उधळला, नारळ फुटले. आमच्या बायांना तिथंही तेच, हंडा घेऊन लांब उभं राहायचं. वस्तीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पंढरीनं पाणी विकलं. काय घेतलं असेल, कुणी म्हणे जमीन, कुणी म्हणे लेकरांच्या नोकऱ्या. आबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं नाही की लोक काय समजायचं ते समजतात.

आणि पंधरा दिवसांनी झिरा ढासळला. आत्या खाली होती. वाळू कमरेपर्यंत तिच्यावर. आईनं आणि बायांनी नखांनी उकरून बाहेर काढलं. उजवा पाय मांडीत मोडलेला. आबांनी तिला पाठीवर घेऊन फाटा गाठला, ट्रकमधून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. महिनाभर तिच्या उशाशी बसले. पाय जुळला, पण आखूड जुळला. नांदेडहून परत आली त्या दिवशी आबांनी तांब्या पुढं केला, "अक्का, पाणी घे." आत्यानं तोंड फिरवलं. "चांगुणा देईल," म्हणाली.

ते शेवटचं. त्यानंतर दहा वर्षं आत्या आबांशी बोलली नाही. भिंतीला भिंत! इकडं आबा खोकले की तिकडं ती सुंठीचा काढा करायची आणि माझ्या हाती पाठवायची, पण शब्द नाही. दर भीमजयंतीला आबा तिच्यासाठी पांढरं लुगडं आणायचे. मी नेऊन द्यायची, ती माझ्याच हाती परत पाठवायची. दहा लुगडी पेटीत पडून होती. तिचंही खरंच होतं. ज्याला दात नव्हते तेव्हा चावून भरवलं, त्यानं आपल्याला वाळूत गाडलं असं वाटलं तर बाई काय करेल?

मी काय केलं तेही सांगते, लपवत नाही. शाळेत एका पोरीनं विचारलं, "तुझ्या बापानं पाणी विकलं का गं?" मी म्हणाले, "हाव." भांडायचा कंटाळा आला होता. संध्याकाळी आबांनी वेणी घालायला बोलावलं तर गेले नाही. त्या दिवसापासून माझी मीच घालायला लागले. आबांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

आणि सगळ्यात चीड कशाची यायची माहीत आहे? तो देवळापुढचा हातपंप बिघडला की हणमंतराव आबांनाच बोलावून घ्यायचा. आणि आबा जायचे! दांडा उतरवायचे, साखळी बदलायचे, वॉशर टाकायचे, पाने मोजायचे, घरी यायचे. एक छदाम घेतला नाही, तरी वस्तीला तो पुरावाच वाटायचा. मी एकदा तोंडावर म्हणाले, "लाज न्हाई वाटत?" तर म्हणाले, "पंपाचा काय दोष?" शहात्तर साली रोजगार हमीतून वस्तीला आपली विहीर झाली. लोकांचा राग हळूहळू निवला, पोरांच्या लग्नात आबांना बोलवायला लागले. पण शेजारच्या भिंतीतून आवाज आला नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. मी बारावी, टायपिंग करून बसले होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, मला कारकुनाची जागा लागली. आम्हा नव्या पोरींचं काम काय, तर उस्मानाबादहून ट्रक भरून आलेले गठ्ठे तालुक्याप्रमाणं लावायचे. धुळीनं नाक भरून जायचं. ऑक्टोबरात अहमदपूर तालुक्याचा एक गठ्ठा सोडला आणि वरच दिसलं, टंचाई, बोअरवेल, चिंचतळा.

मला वाटलं होतं, सही खोटी निघावी. दहा वर्षं मी मनाशी तेच मागत होते. नाही, सही आबांचीच होती. मोठी, गोल, निळ्या-काळ्या शाईतली. वर हणमंतरावाची सही, तीही तशीच. दोन्ही सह्यांच्या मधे मजकूर टाईप केलेला, "खालील जागेस माझी संमती आहे." आणि त्यापुढं जी मोकळी रेघ होती तिच्यावर हातानं लिहिलेलं, "मारोती मंदिरासमोर." हिरव्या शाईत. वेगळ्या पेनानं. शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून खाली उतरून आबांच्या सहीवर चढलं होतं. सही आधी झाली होती, जागा मागून भरली होती. आणि ते अक्षर मी ओळखलं. एकोणीस वर्षं त्या अक्षरातली पत्रं आत्याकडून आबांना गेली होती. ती सगळी आबांनी पेटीत जपून ठेवलेली, आणि ती मी कितीदा वाचून काढली होती.

मी तो कागद काढला, डब्याच्या पिशवीत घातला आणि शनिवारची एसटी पकडली.

आबा अंगणात सायकलला तेल घालत होते. कागद पुढं धरला. ओठ हलले. मग त्यांनी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं लाल शाईत नंबर होता, सत्तावीस.

"हा फायलीतून काढून आणलास?"

"हाव. वस्तीत साऱ्यांना दाखवते. आत्याला दाखवते. तुम्हाला फसवलंय त्यानं! कोऱ्या कागदावर सही घेतली!"

"सोमवारी पहिलं काम, हा जागेवर ठेवायचा. सव्वीसनंतर अठ्ठावीस आला तर त्या फायलीचं काय राहिलं?"

"आबा, तुम्हाला ठावं होतं?"

"तव्हाच. देवळापुढं."

"मग बोलला का न्हाई?" मी ओरडले, आई चुलीपासून धावत आली.

आबांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "सिंधु, म्या रेघ कोरी असताना सही केली. तपासलं न्हाई. वरची सही हणमंताची दिसली आन् खाली केली. विमान पडल्यावर ज्यानं न बघता सही केली त्यानं 'मला फसवलं' म्हणायचं नसतं. ती सही मपली. त्यातनं जे झालं ते मपलं."

"हे विमान न्हाई, आत्याचा पाय हाय!"

आबा परत सायकलच्या चाकाकडं वळले. मला इतका संताप आला की ती बुधली लाथाडावी वाटली. हणमंतरावानं फसवलं ते एकदा. पण या माणसानं आपला कायदा जपायला दहा वर्षं आम्हाला अंधारात ठेवलं. आईला, मला, आत्याला. याला काय म्हणायचं मग?

मी तशीच आत्याकडं गेले. ती दसऱ्यापासून अंथरुणावर होती. अंगात ताप, अन्न जात नव्हतं. डॉक्टरनं मान हलवली होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. हिरवी शाई, रेघ, सगळं. मला वाटलं ती रडेल. ती आढ्याकडं बघत होती.

"ठावं हाय," म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"त्यानं वाचलंच न्हवतं. म्या उंबऱ्यात बसल्याली. कागद हातात घेतला आन् त्याचे ओठ हलले न्हाईत. वाचताना हलत्यात न्हवं? तव्हाच मनाला लागलं. म्हणलं, हा न वाचता करून राहिला."

"मग आत्या, दहा वर्षं! कामून बोलली न्हाईस?"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "त्यानं यावं ना. सरपंचाम्होरं म्हणला, सही माझी. लोकांम्होरं म्हणला, सही माझी. ते ठीक. मी काय लोक हाय का गं? मला येऊन एकदा म्हणायचं होतं, अक्का, हणमंतानं मला फसवलं. लहानपणी पोरांनी मारलं तर मपल्याकडंच रडत यायचा की. मोडला पाय घेऊन म्हैनाभर नांदेडात पडले, हा उशाशी बसलेला. रोज वाटायचं, आज बोलंल. मशिनीला जे सांगतो तेवढं बी मला सांगितलं न्हाई."

मी उठून धावत घरी गेले. आबांच्या दंडाला धरून म्हणाले, "चला. काही मागत न्हाई ती. एवढंच म्हणा, मला फसवलं. दोन शब्द. तिला सगळं ठावं हाय, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय." आबा हात पुसत उठले. दहा वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. जाताना पेटीतलं एक लुगडं काखेत घेतलं.

आत्यानं डोळे उघडले. आबा तिच्या पायाशी उभे राहिले, सावधान उभे राहतात तसे.

"अक्का," म्हणाले, "सही माझी होती."

"ते ठावं हाय. पुढं बोल."

आबांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, हलले. वाचताना हलायचे तसेच, आणि आवाज आला नाही. मी मागून पाठीत ढोसलं. आई पदर तोंडात धरून उभी.

"पाणी देऊ?" आबा म्हणाले.

"चांगुणा देईल," आत्या म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

चौथ्या दिवशी ती गेली. ते लुगडं तिच्या अंगावर घातलं, मेल्यावर. सोमवारी मी कागद सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधे परत ठेवून आले होते. मातीला हणमंतराव आला. डोळ्याला उपरणं लावून म्हणाला, "भामाक्कानं मला एकोणीस वर्षं पत्रं सांगितली." मी पुढं होऊन बोलणार होते, आईनं माझा हात दाबून धरला. आबा त्याच्याकडं बघत राहिले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव आमच्या दारात. "पंढरी, पंप अडकलाय बघ. बाया खोळंबल्यात." नेहमीसारखंच. मला वाटलं, आता हे उठणार आणि जाणार. आबा उठलेच. फळीपुढं जाऊन उभे राहिले. बोटानं एकेक पाना मोजला. परत मोजला. मग वळले आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हणमंतराव, एक पाना कमी हाय."

अंगणात दुसरं कुणी नव्हतं, तरी हणमंता नाही, हणमंतराव.

भावाच्या लग्नातली जीप त्याला आठवली असेल. मोजणी भरली नाही की काम होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? पायातला जोडा बघत उभा राहिला. "बरं, सापडला की ये," म्हणाला आणि गेला. पंप अकरा दिवस बंद होता, मग अहमदपूरचा माणूस आला. पुढंही तो दोन-चारदा विचारून गेला, सापडला का. आबा म्हणायचे, न्हाई अजून. हणमंतराव मेला तोवर न्हाईच म्हणत राहिले, आणि त्या पंपाला पुन्हा हात लावला नाही.

त्या सकाळी तो गेल्यावर मी फळीपुढं जाऊन मोजलं होतं. सतराच्या सतरा. फळीवर एक जागा रिकामी नव्हती.

उभ्या जन्मात आबा एकच खोटं बोलले, आणि तेसुद्धा त्या माणसाशी बोलले. आत्याला तर नुसतं खरं ऐकायचं होतं. ते तिला नाही दिलं.

आबा जाऊन आता वीस वर्षं झाली. फळी माझ्याकडं लातूरला आहे, मागच्या खोलीत. नातवंडं विचारतात, मी म्हणते, मोजा, हात लावू नका. पाने भरतात दर वेळी. माझा राग काही कमी भरत नाही.